बुधवारचा उपास

गोरेगावात समतेच्या संवादाची मीटिंग सुरू झाली आणि त्याच महिन्यात गावातल्या निम्म्या बायकांना देव आठवला.

हे मी कुचेष्टेनं सांगत नाही. बरं, थोडं कुचेष्टेनं सांगते. पण झालं ते असंच झालं.

मीटिंग घ्यायला हिंगोलीहून एक ताई यायची. वयानं तरुण, आवाज मऊ. सेनगावपर्यंत एसटी आणि तिथून जीप असं करत ती भर उन्हात पोचायची आणि आल्या आल्या हसायची. मला त्याचंच नवल वाटायचं, कारण त्या जीपमधून उतरलेलं माणूस आधी आपली हाडं चाचपून बघतं. ग्रामपंचायतीच्या मागच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून आम्ही बायका गोल बसायचो. गोलात पुढं-मागं कुणी नसतं, असं ताईचं म्हणणं. गावात कोण कुणाच्या घरचं पाणी पितं, कोण पायरीवरूनच परत फिरतं, घराघरात चालणारं आणि चारचौघांत कधीच न निघणारं जे काही असेल ते समोरासमोर बोलायचं. बोलून झालं की ज्यांच्या त्यांच्या घरून आणलेले डबे मधे ठेवायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं.

बोलायला कुणाची ना नव्हती. "सगळ्यांचं रक्त लालच असतंय की ओ ताई," हे वाक्य पहिल्याच दिवशी इतक्या जणींनी म्हटलं की शेवटी ताई म्हणाली, "रक्ताचं झालं, आता दुसरं काहीतरी बोलू या."

मग डबे उघडायची वेळ आली.

"ताई, माझा आज सोमवार."

"माझा बी."

"मला तर डाक्टरनं बाहेरचं सांगितलंच न्हाई."

ताई भोळी. म्हणाली, "हरकत नाही, पुढची मीटिंग गुरुवारी ठेवू." गुरुवारी दत्ताचे उपास निघाले. मंगळवारी गणपतीचे, शुक्रवारी देवीचे, शनिवारी मारुतीचे. एवढं कडक व्रत पाळणारं गाव आणि तरी पाऊस वेळेवर का पडत नाही, असं मी मनात म्हणायचे. रविवारी ताईला सासरी जावं लागे. शेवटी राहिला बुधवार. बुधवारी आमच्या या भागात सहसा कुणी उपास धरत नाही, उलट निम्म्या घरांत त्या दिवशी कोंबडी शिजते. ताईनं बुधवार ठरवला आणि इतकी खूश झाली की जाताना माझ्याकडं बघून तिनं डोळा बारीक केला. तेव्हा कळलं, वाटली तेवढी ती भोळी नाही.

या उपासवाल्या बायकांच्या पुढारी म्हणजे माझ्या घरमालकीण काकू. आणि माझं सगळं दुखणं तिथंच होतं.

मी कोकणातल्या खाडीकाठची. शाळा सातवीत सोडली, शिवणकाम शिकले, लग्न झालं. आमचे हे रस्त्याच्या कामावर रोलर चालवतात. जिकडं रस्ता तिकडं आमचा संसार. तो रस्ता आम्हाला हिंगोली जिल्ह्यात घेऊन आला, आणि ह्यांचं काम पुढं सरकत गेलं तशी मी शिलाई मशीन घेऊन गोरेगावात राहिले, कारण इथं बाजार आहे आणि बाजार तिथं ब्लाऊज. पण राहायला खोली कोण देणार? "आडनाव काय तुमचं?" हा पहिला प्रश्न. माझं आडनाव गावाच्या नावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागलेलं. कोकणात असली आडनावं सगळ्या जातींत असतात. त्यामुळं विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागायचं नाही आणि मग खोलीलाच काहीतरी व्हायचं. कुठं पोरगा परत येणार असायचा, कुठं छप्पर दुरुस्तीला निघायचं.

अशीच हिंडत काकूंच्या ओट्यावर पोचले तेव्हा अंगात ताप होता. बसले ती उठताच येईना. काकूंनी आडनाव विचारायच्या आधी कपाळाला हात लावला. "अगं माय, पोरगी भाजून निघाली," म्हणाल्या आणि आत नेऊन निजवलं. ताप उतरेपर्यंत त्यांनी माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, ज्वारीच्या कण्या भरवल्या. मी बरी झाले तेव्हा अंगणापलीकडच्या खोलीत माझं मशीन लागलेलं होतं. भाडं ठरलं, खोली झाली, आणि जात विचारायची राहून गेली. माझ्या आईनं केलं नसतं एवढं त्या बाईनं केलं. हे मी विसरत नाही आणि म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना जीभ अडखळते.

राहून गेलेला प्रश्न काकूंना खुपत होता. सरळ विचारणं आता बरं दिसत नव्हतं, मग त्या आडून विचारायच्या. मी ब्लाऊजला हुक लावत बसले की येऊन टेकायच्या.

"काय गं कोकणे, तुमच्यात लग्नात हळद कोण लावतंय आधी?"

"सगळेच लावतात, काकू."

"आन् कुलदैवत कोणतं म्हणलीस?"

"खाडीच्या पलीकडं आहे. होडीनं जावं लागतं."

"होडीनं? देवाला?"

"कोकणात तसंच असतं."

हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. काकू कोकणात कधी गेल्या नव्हत्या, तिथल्याशी त्यांची ओळख टीव्हीवरच्या नारळांपुरती. मी कोकणाच्या नावावर काय वाटेल ते खपवलं. आमच्याकडं श्राद्धाला काय करतात, सुवासिनीला काय देतात, पाहुणे कुठवर येतात, सगळ्याला एकच उत्तर: कोकणात तसंच असतं. रात्री मात्र वाटायचं, ही खोली गेली तर पुन्हा ते आडनाव घेऊन दारोदार फिरायचं. ह्यांचं तर फोनवर एकच पालुपद, "तू जास्त बोलू नकोस. खोली आहे तर आपण आहोत."

वाचणाऱ्यालाही आता वाटत असेल, बाई नेमकी कोणती? वाटतंय ना? काकूंना दोष देऊ नका मग.

आणखी एक भानगड होती. काकूंच्या घरात वशाट, म्हणजे मांस-मच्छी, चालत नाही, आणि माझी आई वर्षातून एकदा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर वाळवलेली सुकट पाठवते. काकू शेतात गेल्या की मी ती चिमूटभर भाजून खायचे. दार-खिडकी लावून, वर उदबत्ती पेटवून. मला वाटायचं कुणाला कळत नाही.

आता गिरणीवाली. तिच्याशिवाय ही गोष्टच नाही. बौद्ध वस्तीच्या वळणावर तिची पिठाची गिरणी आहे. नवरा परभणीकडं नोकरीला, गिरणी ही एकटी चालवते. पापण्यांवर पीठ, कमरेला ओढणी बांधलेली, आणि जीभ गिरणीच्या पट्ट्यासारखी. गावातलं सगळ्यांचं दळण तिच्याकडंच पडतं. काकूंचं सुद्धा. नुसतं ज्वारीचं नाही, उपासाचं पण. भगर-राजगिऱ्याचं पीठ दळायचं तर गिरणी आधी पुसून घ्यावी लागते, ज्वारी-गव्हाचा कणसुद्धा आत राहिलेला चालत नाही. गिरणीवाली सकाळी पहिल्यांदा उपासाची दळणं काढायची आणि आधी मूठभर भगर नुसतीच फिरवून बाजूला टाकायची. "उपासाचं पीठ दळावं तर तिनंच," असं काकू उघड म्हणायच्या. पण तिच्या घरचं पाणी? त्याचा विषयच नव्हता. पिठाला चालायचं, भाकरीला चालायचं नाही.

माझी तिची दोस्ती ब्लाऊजवरून झाली. एकदा माप घेताना ती म्हणाली, "तुझं बरं हाय कोकणे. तुझ्यावर पाटी न्हाई. लोक वाचायला येतेत आन् कोरी पाटी बघून जातेत. आमची पाटी जन्मायच्या आधीच रंगवून ठेवल्याली."

टेप तिच्या खांद्यावर तसाच राहिला.

तर पहिला बुधवार आला. ताई डबे मांडायला लागली. काकूंनी पदर सावरला आणि शांतपणे म्हणाल्या, "माझा आज बुधवारचा उपास."

हॉलमध्ये जरा गडबडच झाली. बुधवारचा?

"कोणत्या देवाचा हो काकू?" ताईनं विचारलं.

"नवसाचा हाय. सांगायचा नसतोय."

बघता बघता तो नवस सतरंजीवरून पसरत गेला. काकूंच्या शेजारणीला लागला, तिच्या जावेला लागला, पलीकडं खांबाजवळ बसलेल्या म्हातारीला लागला. गिरणीवालीचा डबा त्या दिवशी आम्ही थोड्याजणींनीच खाल्ला. वांग्याचं भरीत होतं. अजून चव आठवते.

दुसऱ्या दिवशी काकूंचं दळण घेऊन गिरणीत गेले तर ती पट्टा चढवता चढवता हसत होती.

"उपासच हाय ना तिचा? धरू दे की. पुढच्या टायमाला मी उपासाचंच करून आणते. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचं थालीपीठ. मंग बघू कोणता नवस आडवा येतोय."

मला हसू आलं, तरी म्हटलं, "माझं नाव नको हं यात."

"तुझं नाव माहीत तरी हाय का कुणाला?" ती म्हणाली. "तू फक्त पत्रावळी वाढ."

पुढच्या बुधवारी हॉलमधला पंखा गरम हवाच फिरवत होता. काकूंनी उपास जाहीर केला, बाकीच्यांनीही केला. मग गिरणीवालीनं मोठं पातेलं मधे आणून झाकण काढलं. जिऱ्या-मिरचीचा वास सगळ्या हॉलभर झाला.

"उपासाचंच केलंय सगळं," ती म्हणाली. "शेंदा मीठ घातलंय. काकूंना माझ्या गिरणीचा भरवसा हायेच, पीठ तेच हाय."

मी पत्रावळी वाढत होते. काकूंच्या पुढंही पत्रावळ ठेवलीच. सगळ्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. नवसाची साथ त्यांच्यापासूनच पसरली होती, उतार पडायचा तर तोही तिथूनच.

काकूंनी पत्रावळ हातानं बाजूला केली. "आजचा निर्जळी हाय."

"निर्जळी?" खांबाजवळची म्हातारी घाबरून म्हणाली. "मला न्हाई बाई जमायचं निर्जळी. वाढ गं मला भगर." ती सरळ जेवायला बसली. तिच्यामागं शेजारीण. तिच्या जावेनं आधी काकूंकडं पाहिलं, मग पंख्याकडं, मग पातेल्याकडं, आणि पत्रावळ पुढं केली. काकू मात्र बसून राहिल्या. समोर माठ भरलेला, कपाळावरून घाम निथळतोय, आणि ही बाई पाण्याचा घोट घेईना. मला हसूही येत होतं आणि उठून पेला भरून द्यावासाही वाटत होता. माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवणारी बाई ती.

मग ताईनं माईक काढला. म्हणाली, "आज प्रत्येकीनं एक प्रश्न विचारायचा. जिला विचारायचा तिला, समोर, आडून नाही."

गिरणीवालीनं माईक आधीच हातात घेतला होता.

"काकू, माझ्या गिरणीतलं पीठ चालतंय. मंग माझ्या हातची भगर काहून चालत न्हाई?"

"पिठाचं वेगळं असतंय," काकू म्हणाल्या.

"काहून? पीठ काय तुमी अंगाला लावता का?"

हॉल हसला. काकूंचा चेहरा लाल झाला. त्यांना उत्तर सापडेना, आणि उत्तर न सापडलेलं माणूस हाताशी येईल ते उचलतं. त्यांच्या हाताशी मी होते.

"आमी भेदभाव करत असतो तर ही कोकणीन माझ्या घरात ऱ्हायली असती का? इचारलं का मी तिला कधी, तू कोण, तुझी जात कोणती? इचार की तिलाच!"

ताईनं टाळी वाजवली. दोघी-तिघींनीही वाजवली. गिरणीवालीनं सरळ माईक माझ्यापुढं धरला. त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की काकू देवमाणूस आहेत. ते खरंही होतं. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"काकूंनी शंभरदा विचारलंय," मी म्हणाले. "फक्त सरळ एकदाही नाही."

माईकनं ते हॉलच्या चारी भिंतींना सांगितलं. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मीही त्यांच्याबरोबर हसले, आणि हसता हसता काकूंकडं लक्ष गेलं. त्या हसत नव्हत्या. त्यांनी चपला घातल्या आणि एकट्याच निघून गेल्या. इतके दिवस आम्ही मीटिंगहून बरोबर परत यायचो.

माझ्या डोळ्यांपुढं खोली फिरली. मशीन, स्टोव्ह, दोन पिशव्या, पुन्हा आडनाव. गिरणीवालीनं उरलेली भगर आणि आमटी एका डब्यात भरली आणि माझ्या हातात दिली.

"तिला दे. निर्जळी सुटल्यावर लागंल."

"त्या खाणार नाहीत. आणि मला काढून टाकणार आहेत."

"मंग तू खा. रस्त्यात लागंल," ती म्हणाली. दुष्ट बाई. पण तिनं माझा हात जरा वेळ सोडला नाही.

घरी आले तर काकूंचं दार लोटलेलं. मी ह्यांना फोन लावला. "तुला तोंड उघडायची काय गरज होती?" एवढंच ते म्हणाले आणि मग म्हणाले, "पुढच्या गावात बघतो कुठं खोली मिळते का." म्हणजे त्यांच्यापुरती खोली गेलेलीच होती. मी गिऱ्हाइकांचे ब्लाऊज वेगळे काढायला लागले.

दिवेलागणीला दारात काकू उभ्या. ओठ सुकलेले.

"पाणी दे."

मी तांब्या दिला. त्यांनी घटाघटा संपवला, दुसरा मागितला. मग माझ्या खाटेवर बसल्या आणि खोलीभर बघितलं. घड्या केलेले कपडे बघितले. नजर डब्यावर गेली.

"ते काय हाय?"

"भगर."

"तिचीच?"

"तिचीच."

काकू उठल्या. वाटलं, आता बोलणार. त्यांनी दाराला कडी घातली, परत येऊन बसल्या आणि डबा पुढं ओढला. भगर थंड होऊन घट्ट झाली होती. आमटीत कालवून त्यांनी सगळी खाल्ली, तळाला बोट फिरवून.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. मग पदरानं हात पुसले.

"सरळ इचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

"हो."

"तू सांगितलं असतंस की मला काहीतरी ठरवावं लागलं असतं. कशाला ती तकलीफ? म्हून न्हाई इचारलं."

"काय ठरवलं असतंत, काकू?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ते मला तरी काय माहीत," म्हणाल्या. इतकं खरं उत्तर मला त्या हॉलमध्ये एकदाही ऐकायला मिळालं नव्हतं.

दाराशी जाऊन त्या थांबल्या. "आन् ते वाळकं मासं भाजून राहतीस तवा उदबत्ती लावत जाऊ नको. दोन्हीचा मिळून लई घाण वास येतोय. खिडकी उघड."

मी मेलेच तिथल्या तिथं.

पण खोली राहिली की गेली, ते त्या बोलल्या नाहीत. खिडकी उघड म्हणाल्या याचा अर्थ राहा असा होतो की नाही, याचा विचार करत मी पडून राहिले.

सकाळी डबा घासून, पुसून, उन्हात वाळवून काकूंनी माझ्यापुढं ठेवला. आत गरम धपाटे भरलेले. आमच्याकडं काय आणि इथं काय, कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, काहीतरी घालून देतात. एवढी रीत सगळीकडं सारखी.

"जा, देऊन ये. आन् भगर तूच खाल्ली म्हणून सांग."

डबा घ्यायला मी हात पुढं केलाही होता. इतकी वर्षं हात पुढं करायचीच सवय. पण डब्याला हात लागेना. गिरणीवालीचा 'तुझ्यावर पाटी न्हाई' हा शब्द मधे आला. धपाटे द्यायला काकूंना काहीच अडचण नव्हती. त्यांच्या घरातून त्या वस्तीत सणासुदीला पुरणपोळीही जाते. वरून खाली सगळं जातं. डबा परत नेणं म्हणजे खालून वर आलेलं कबूल करणं. ते तेवढं माझ्या कोऱ्या पाटीवर लिहायचं होतं.

"मी नाही जाणार, काकू."

"काय म्हणलीस?"

"तुम्ही खाल्लीत. तुम्हीच देऊन या."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "खोली कुणाची हाय गं?"

"तुमची."

"मंग?"

मी डब्याकडं बघत म्हणाले, "खोली तुमचीच आहे. सोडायला सांगितलंत तर सोडीन, तुमचे उपकार विसरायची नाही. पण भगर मी खाल्ली नाही."

अंगणात कोंबडी फिरत होती शेजाऱ्यांची. काकूंनी तिला उगाच हुसकलं. मग डबा उचलला, पदराखाली घेतला आणि निघाल्या. मी मागोमाग, जरा अंतर ठेवून. माझं दळण नव्हतं काही. बघायला गेले, दुसरं काय.

सकाळची वेळ, गिरणीत बायकांची गर्दी. काकूंना बघून त्यांनी वाट दिली. गिरणी धडधडत होती. काकूंनी पदराखालून डबा काढला आणि पुढं केला. गिरणीवालीनं डब्याकडं पाहिलं, काकूंकडं पाहिलं, पलीकडं उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. त्या पीठ बसलेल्या पापण्यांमागं काय चाललंय ते मला तेव्हाच कळलं.

"काय ओ काकू?"

"तुझा डबा!"

"मोठ्यानं बोला! गिरणी चालू हाय!"

"डबा! तुझा डबा!" काकू ओरडल्या.

"कशाचा डबा?"

"भगरीचा!"

"कोकणीननं खाल्ली व्हय?"

काकूंनी मागं वळून मला बघितलं. मी खाली मान घातली नाही. इच्छा फार होती घालायची. काकूंनी छाती भरून श्वास घेतला, आणि गिरणीवालीचा हात बटणाकडं गेला.

"न्हाई! मी खाल्ली! सगळी!"

तोवर गिरणी बंद झाली होती. 'सगळी' तेवढं नुसतं उरलं, त्या पिठाच्या धुरळ्यात, सगळ्या बायकांच्या मधे.

मग काकूच म्हणाल्या, अगदी नेहमीच्या आवाजात, "मीठ कमी होतं."

"निर्जळीला मीठ कळतंय व्हय?" गिरणीवाली म्हणाली. डबा तिनं दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडलं आणि एक धपाटं तिथंच मोडून तोंडात टाकलं. "यात बराबर हाय."

परत येताना काकू पुढं, मी मागं. घरी आल्यावर माझ्या खोलीत शिरून म्हणाल्या, "ती कपड्यांची पिशवी मधे कशाला ठेवलीस? मशीनला उजेड लागत न्हाई," आणि पिशवी स्वतःच ओढून बाजूला केली. मग मी ब्लाऊज पुन्हा मशीनपाशी नेले. ह्यांना फोन करून सांगितलं, खोली बघू नका. ते म्हणाले, "काय सांगितलंस तिला?" मी म्हटलं, "काहीच नाही." ते खूश झाले. त्यांना वाटलं मी गप्प बसायला शिकले.

गाव काही एका दिवसात बदललं, असं मी सांगणार नाही. हॉलमध्ये अजून कुणाचा तरी सोमवार असतो. काकू गिरणीवालीच्या घरात अजून बसलेल्या नाहीत, ओट्यापर्यंत गेल्यात. ती म्हणते, "ओटा झाला, आता उंबरा. घाई काय हाय, मी कुठं चालले?" हसत म्हणते, पण तिचं ते हसणं पुरतं हसणं नसतं.

एक गोष्ट मात्र पक्की झाली. देवाच्या नावानं सांगितलेला उपास मोडला तर देव कोपेल, ही भीती काकूंना आता बसली आहे, आणि कोणत्या देवाचा ते सांगितलेलं नसल्यानं माफी तरी कुणाची मागायची? त्यामुळं त्या खराखुरा बुधवार धरतात. सकाळपासून नुसत्या पाण्यावर असतात आणि दुपारी मीटिंगमध्ये गिरणीवालीच्या उपासाच्या पातेल्यापुढं पहिल्या बसतात. काकूंच्या घरात बुधवारी चूल पेटत नाही. काकू हॉलकडं गेल्या की मी जरा मागं रेंगाळते, खिडकी सताड उघडते, आणि सुकट भाजते.

अजून त्यांनी मला सरळ विचारलेलं नाही. विचारलं तर सांगायचं ठरवलंय. आधी त्यांना, मग तुम्हाला.